मयत खातेदार

वेताळाच्या कवटीच्या गुहेत खजिन्याच्या दोन खोल्या आहेत. एकीत हिरे, माणकं, सोन्याची नाणी. तिला लहान खजिना म्हणायचं. दुसरीतल्या वस्तूंचा भाव कुठलाही सराफ करू शकणार नाही. तिथं सिकंदराचा पेला आहे, क्लिओपात्राला डसलेला साप आहे, रोलाँची तलवार आहे आणि आर्थर राजाची एक्सकॅलिबरही आहे.

बीबीला आर्थर राजा आला तो या दुसऱ्या खोलीच्या दारानं. बीबी म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं, मेहकरहून सिंदखेडराजाकडं जाताना लागणारं आमचं गाव. राजा काही थाटामाटात आला नाही. इंद्रजाल कॉमिक्समधली इवलीशी चौकट, तीत एक तलवार आणि वर एका ओळीचा मजकूर. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा आर्थर कोण व्हय रे?" दादा नववीत, मी दुसरीत. त्यानं मला काही विचारावं याचंच इतकं अप्रूप वाटलं की मी बेधडक सांगितलं, "वेताळाचा काका."

दादानं टपली मारली नाही. थोडा विचार करून म्हणाला, "काका नसंल. पण नात्यातला दिसते."

नातं होतंच. वेताळाचा जन्मदाता ली फॉक हा अमेरिकेतल्या सेंट लुइसचा. आर्थर राजा, एल सिद असल्या दंतकथांचं त्याला लहानपणापासून वेड. त्यात झोरो, टारझन, मोगली मिसळले आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात वेताळ अवतरला. आर्थरच्या गोष्टीतलं त्यात बरंच सापडतं: शपथ आहे, दुबळ्यांचा कैवार आहे, आडरानात दडलेलं सिंहासन आहे. पण मोठी उचल एकच, न मरणारा राजा. आर्थर शेवटच्या लढाईत जायबंदी झाला, त्याला नावेत घालून ॲव्हलॉन बेटावर नेलं, तिथं तो बरा होतोय आणि गरज पडली की परत येणार, ही ब्रिटनमधल्या लोकांची शेकडो वर्षांची समजूत. फॉकला एवढी वाट बघून चालणार नव्हतं, त्याला रोजची चित्रपट्टी भरायची होती. मग त्यानं सोय केली. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन शपथ घेतो. तो मेला की त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो, त्याच्यानंतर त्याचा मुलगा. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलाला वाटतं, चारशे वर्षं एकच माणूस घोड्यावर हिंडतोय. गुहेत मात्र वीस पूर्वज ओळीनं पुरलेले आहेत.

मोठेपणी यातलं पुष्कळ खटकतं. आफ्रिकेच्या जंगलात गोरा माणूस राजा आणि बुटके पिग्मी त्याचे राखणदार, ही कल्पना कुणाच्या सोयीची होती ते कळायला फार अक्कल लागत नाही. त्या वयात खटकलं नाही, एवढं खरं. चांदोबातल्या विक्रमाच्या खांद्यावर बसणारा वेताळ आमच्या ओळखीचा होता. हा दुसरा त्याचाच कुणीतरी शिकलेला भाऊ असणार असं आम्ही धरून चाललो. टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४मध्ये इंद्रजाल सुरू केलं तेव्हा पहिल्या बत्तीस अंकांत एकटा वेताळच होता. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. बहादूर आपल्यासारखा दिसायचा, आपल्यासारख्याच दरोडेखोरांशी लढायचा. तरी आमची निष्ठा वेताळावरच.

बीबीत ही पुस्तकं विकत मिळायची नाहीत. ती एसटीनं यायची. रस्त्यावरच्या एका हॉटेलात दादा सुट्टीत कपबशा विसळायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या चहाला थांबत आणि शहरातली पोरं खिडकीशी कॉमिक धरून बसलेली असत. दादा खिडकीखाली उभा राहून सौदा करायचा: एक पुडा भजी, एक वेताळ. भज्यांचे पैसे त्याच्या रोजातून कापले जात. दिवसभर राबून पोरगं एवढेच पैसे कसे आणतं, हे कोडं आईला बरेच दिवस होतं. सौद्यात धड पुस्तक क्वचितच हाती लागे. कशाचं मुखपृष्ठ गेलेलं, कशाचं शेवटचं पान. बी. गोविंद यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ शाबूत असलेला अंक ही आमची श्रीमंती. त्याला दादा वर्तमानपत्राचं कव्हर घालायचा आणि कव्हरवर निळ्या शाईनं वेताळाच्या अंगठीतली कवटी काढायचा. शेवटचं पान नसलेल्या गोष्टी तो स्वतः संपवायचा, आणि दर वेळी वेगळ्या. मी कुरकुरलो की म्हणायचा, "मागच्या वेळी तो जखमी होता. आता बरा झाला, आता वेगळा लढंल."

शाळेत इंग्रजीला एक सर होते. दादानं त्यांना वर्गात उभं राहून आर्थरबद्दल विचारलं. सरांनी धडा बाजूला ठेवला आणि घंटा होईपर्यंत गोष्ट सांगितली. ती दादानं रात्री मला सांगितली, त्यामुळं माझ्या डोक्यातला आर्थर आजही थोडा वऱ्हाडीच बोलतो. दगडात रुतलेली तलवार, उपसेल तो राजा. भले भले सरदार थकले. आर्थर म्हणजे दुसऱ्याच्या घरी वाढलेलं पोरगं. त्याचा मानलेला थोरला भाऊ के. हा के लढतीच्या खेळांना निघाला आणि तलवार मुक्कामी विसरला. "जाय, आण," म्हणून त्यानं धाकट्याला पिटाळलं. घरी येऊन पाहतो तर दार बंद. परतताना त्याला ती दगडातली तलवार दिसली. त्यानं ती उपसली आणि नेऊन भावाच्या हातात दिली. राज्य-बिज्य त्याच्या मनातही नव्हतं. दादानं सांगितलेलं काम, ते केलं.

"मग के म्हणाला, मीच उपसली," दादा सांगत होता. "बापानं खोदून विचारलं, तवा खरं बोलला."

"मग केला काय शिक्षा झाली?"

"शिक्षा कशाची? आर्थर राजा झाला, आन् के ले कोठाराचं काम देलं. साऱ्या राज्याचं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "बरंच झालं म्हणा. कोणी तरी दाणे मोजाले लागतेच."

पुढच्या वर्षी वडील गेले. दादानं दहावीची परीक्षा दिली, पास झाला आणि शाळेकडं पाठ फिरवली. पावसाळ्याच्या तोंडी तिफणीमागं वडिलांची जागा त्यानं घेतली. त्यांचाच सदरा, बाह्या दुमडलेला. बांधावरून चाललेल्या एका म्हाताऱ्यानं लांबून वडिलांच्या नावानं हाक मारली, आणि दादानं "ओ" दिली. दुरुस्ती केली नाही. मी बांधावर बी घेऊन उभा होतो. चित्रकथेत हाच प्रसंग चार चौकटींत उरकतो: कवटी, शपथ, मुखवटा, घोडा. शेतात त्याला अख्खा पावसाळा लागला आणि तरी दादाला पेरणीची मूठ जमत नव्हती. कुठं दाट, कुठं खाडे.

आर्थरच्या गोष्टी मी पुढं इंग्रजीतून वाचल्या. मॅलरीचा ग्रंथ कॅक्स्टननं १४८५मध्ये छापला, त्यातला के तिरसट आहे, टोमणे मारतो, नवख्या पोरांना टोपणनावं ठेवतो. काही लेखकांनी तर त्याला विदूषकच करून टाकलं. घोड्यावरून कुणाला पाडायचं असलं की के तयारच. मला हे वाचताना राग येतो. गोलमेजाभोवती दीडशे योद्धे बसवले, ते बारा महिने जेवणार काय, हा हिशोब एकट्या केच्या डोक्याला होता. मी औरंगाबादला कॉलेजात होतो तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर यायची. तिच्या खालच्या तुकड्यावर दादाच्या अक्षरात दोनच गोष्टी असत: पावसाची बातमी, आणि वेताळाचा एखादा नवीन अंक दिसला का.

तलवारीचा शेवटही सरांनी सांगितला होता. मरणाच्या दारातल्या आर्थरनं बेडिव्हियरला सांगितलं, तलवार तळ्यात टाकून ये. त्याचा जीव होईना. दोनदा तो तलवार लपवून परत आला आणि टाकली म्हणून खोटं बोलला. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा पाण्यातून एक हात वर आला, त्यानं ती झेलली, हवेत फिरवली आणि आत नेली. ही गोष्ट ज्यांच्या घराजवळ तळं आहे त्यांना सांगू नये. नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेला आम्ही लोणारला गेलो तेव्हा दादानं तुराटीची तलवार बरोबर घेतली. विवराच्या पोटात उतरलो, देवीचं दर्शन झालं, आणि काठावरच्या चिखलातून पुढं जाऊन त्यानं ती फेकली. ती बुडायलाच तयार नाही. हलकी तुराटी त्या खाऱ्या पाण्यावर आरामात तरंगत राहिली. आम्ही बराच वेळ थांबलो. हात काही आला नाही. आई मात्र आली, आणि चिखलात बरबटलेल्या दोघांनाही बुकलून वर घेऊन गेली.

इंद्रजाल १९६७मध्ये पाक्षिक झालं होतं, १९८१मध्ये साप्ताहिक झालं आणि आठशे तीन अंक काढून १९९०मध्ये बंद पडलं. तोवर दादाचं लग्न झालं होतं, त्याला मुलगा झाला होता, आणि ती सगळी पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर गेली होती. कडुनिंबाचा पाला दर उन्हाळ्यात बदलायचा.

प्रिन्स व्हॅलियंट मला पुण्यात भेटला, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. वेताळानंतर जवळजवळ वर्षभरानं, १३ फेब्रुवारी १९३७ला, हॅल फॉस्टरनं तो सुरू केला; त्याच्या पूर्ण नावातच आर्थर राजाचा काळ आहे. व्हॅल हा परागंदा राजाचा मुलगा. ब्रिटनच्या दलदलीत वाढतो, आर्थरच्या दरबारी जातो, गोलमेजाचा योद्धा होतो. त्याच्याकडं एक्सकॅलिबरची जोडतलवार आहे, ती चालताना गाते. सुरुवातीलाच एक चेटकीण त्याला सांगते की पराक्रम खूप गाजवशील पण समाधान मिळणार नाही. फॉस्टर इतिहास सरमिसळ करतो, पाचव्या शतकातल्या माणसांना हजार वर्षं पुढचे किल्ले बांधून देतो. पण त्याचं चित्र बघावं. एकेका रविवारच्या पानावर तो आठवडाभर बसायचा. होडीची दोरी कुठल्या खुंटाला कशी गुंडाळली आहे, घोड्याचा तंग कुठं आवळला आहे, ओल्या लोकरीचा अंगरखा कसा लोंबतो, सगळं दिसतं. संवादांचे फुगे नाहीत, मजकूर चित्राखाली.

तो खंड मी दिवाळीला बीबीला नेला. दादा ओट्यावर पाय सोडून बसला आणि पानं उलटत राहिला. इंग्रजी त्याला सावकाश वाचता यायचं, पण त्यानं वाचलं नाही.

"यात कोणी बोलतच नाही काय?"

"खाली लिहिलंय."

"मंग बोलत नाही म्हण." आणखी चार पानं उलटून, "पण यानं घोडा पाह्यलेला हाय. वेताळवाल्यानं नसंल पाह्यला."

मी खालचा मजकूर वाचून सांगत गेलो. दादाला पकडलं ते एका वेगळ्याच गोष्टीनं. व्हॅल म्हातारा होत जातो. पोरगा असतो, तरुण होतो, १९४६मध्ये अलेटाशी लग्न करतो, पुढच्या वर्षी त्याला मुलगा होतो, तो मुलगाही वाढतो. चित्रकथेत माणसं वाढतात हेच दादाला नवीन होतं. पुढं दर दिवाळीला माझी पिशवी खाली ठेवायच्या आत तो विचारायचा, "केवढा झाला रे व्हॅलचा पोरगा?" त्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा बारावीला होता. मग डिप्लोमाला. मग चाकणला कंपनीत. फॉस्टरनं १९७१मध्ये चित्रं दुसऱ्याच्या हाती सोपवली, गोष्ट अजून चालूच आहे, हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "वाटणी नाई केली ना? मंग चालते."

जून २०२०मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. टाळेबंदी होती, मी पुण्यात अडकलेलो. दादानं फोन केला. "पाह्यलं का? आपण तलवार फेकली त्याचा रंग आता उतरला."

पुढच्या वर्षी मे महिन्यात तो गेला. ताप, मग दम, मग बीबीत गाडी आली. वहिनीही तापानं फणफणलेली, तिला घराबाहेर पडायची मनाई. दादा स्वतःच्या पायानं चालत जाऊन ॲम्ब्युलन्समध्ये बसला. दार लावायच्या आधी शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, बोअरची मोटार आज रात्रपाळीला आहे, बंद करायला विसरू नको. गावानं पाहिलेला दादा तो एवढाच. लांबच्या गावच्या दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड मिळाला. पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तोंडावर मास्क, वर फक्त डोळे. त्यानं मास्ककडं बोट दाखवलं, मग डोळ्यांभोवती बोटानं गोल काढून दाखवला. वेताळ झालो, म्हणत होता. ली फॉक १९९९च्या मार्चमध्ये गेला. तोही म्हणे शेवटी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून गोष्टी सांगत होता. दादाला मास्क बाजूला सारू दिला नाही.

अंत्यसंस्कार तिकडंच झाले. पुतण्याला लांबून दाखवलं. जिल्हाबंदी, ई-पास यातून मी पोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती. बीबीच्या घरातून तिरडी निघाली नाही, कुणी खांदा दिला नाही, दारात गोवऱ्या पेटल्या नाहीत. बायकांनी रडायला जमायचं तर जमावबंदी.

याचा परिणाम विचित्र झाला. दादा मेला असं गावाला पटेचना. वेडेपणा नव्हता तो, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण मरण हे माहीत असून भागत नाही, ते डोळ्यांनी बघावं लागतं. शेजाऱ्याकडं दादाचा फवारणीचा पंप होता. मी तो आणायला गेलो तर तो म्हणाला, "असू द्या, भाऊ आले की देतो." बोलून गेला, मग कपाळावर हात मारला, पण पंप घेऊन जा असं काही म्हणाला नाही. पीकविम्याचे मेसेज दादाच्या मोबाइलवर येत राहिले. सोसायटीची नोटीस त्याच्याच नावानं आली. वहिनी गव्हाची पोती लावताना म्हणायची, हे त्यांना पटायचं नाही, त्यांना तोंड भिंतीकडं लागते.

मला तेव्हा कळलं आर्थर का मेला नाही ते. त्याची शक्ती, पुण्याई, तलवार, यातलं काही कारण नव्हतं. नावेतून नेला आणि कुणी प्रेत पाहिलं नाही, एवढंच पुरलं. आमच्याकडं तर उलटं आहे. बीबीहून सिंदखेडराजा फार लांब नाही. लखुजी जाधवांना १६२९मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात दग्यानं मारलं, मुलांसकट. त्यांची समाधी सिंदखेडराजाला उभी आहे, भक्कम दगडी, कुणालाही शंका राहणार नाही अशी. लखुजी परत येणार म्हणून कुणी वाट बघत नाही. वाट बघतात ती ज्यांची समाधी नसते त्यांची.

आणि ज्यांचं राज्य चालायचं असतं त्यांना अशी वाट बघणारी माणसं परवडत नाहीत. ११९१मध्ये ग्लास्टनबरीच्या मठातल्या साधूंनी जाहीर केलं की आर्थरची कबर सापडली. खोल खणल्यावर ओकच्या पोकळ खोडाची शवपेटी निघाली, शिशाचा क्रूस निघाला, त्यावर त्याचं नाव. शेजारी राणी, तिच्या सोनेरी केसांची बट एका साधूनं हातात घेतली आणि तिचा भुगा झाला. मठ ११८४च्या आगीत जळाला होता, बांधकामाला पैसा हवा होता. राजालाही वेल्समधले लोक आर्थरच्या नावावर माना वर करतात हे नको होतं. आर्थर मेलेला असणं सगळ्यांच्याच सोयीचं. १२७८मध्ये राजा पहिला एडवर्ड स्वतः येऊन ती हाडं नव्यानं पुरून गेला. १५३९मध्ये मठ मोडला, हाडं गेली. तरी आर्थर परत येतोच आहे. अमेरिकी कॉमिक्सवाल्यांनी तर १९८२मध्ये त्याला थेट सन तीन हजारात उठवलं, परग्रहावरच्या फौजांशी लढायला. मी तो अंक पाहिला आणि मिटून ठेवला. इतकं कुणाला उठवू नये.

वहिनीच्या अंगावर कागदं आली ती अशीच. कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान मिळणार होतं, त्याला दाखला, तपासणीचा अहवाल, बँकेचं पासबुक. ते तिनं केलं, मुलानं मोबाइलवरून अर्ज भरला म्हणून झालं. सातबारा मात्र तसाच राहिला. वारस नोंदीचा विषय काढला की ती चहा ठेवायला उठायची. वर्ष गेलं, मग आणखी. जमीन दादाच्या नावावर, पीकपाण्यात दादाचं नाव, कर्जाच्या खात्यावर दादा. पुतण्या चाकणहून येऊन पेरणी करून जायचा, पण घोड्यावर बसायची त्याची काही तयारी नव्हती. ज्यांना वेताळाची वंशावळ पाठ आहे त्यांना ज्युली आठवेल. सतराव्या वेताळाची ही जुळी बहीण. भाऊ आजारी पडला तेव्हा तिनं तोच पोशाख चढवला आणि जंगलाला पत्ता लागू दिला नाही. फॉकनं तिला थोडक्यात आटोपलं याचं मला वाईट वाटतं. वहिनी तोवर मजूर ठरवत होती, खताच्या रांगेत उभी राहत होती, खेडा खरेदीवाल्याशी सोयाबीनच्या ओलाव्यावरून भांडत होती. फक्त कागदावर ती कुठंच नव्हती.

२०२५च्या मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात जिवंत सातबारा मोहीम निघाली; पुढं ती सगळ्या राज्यात गेली. मेलेल्या खातेदारांची नावं उताऱ्यावरून काढून वारसांची लावायची. त्यासाठी गावोगाव चावडीवर मयत खातेदारांची यादी वाचायची. मी त्या वेळी बीबीत होतो, वहिनीबरोबर गेलो. सतरंजी, एक टेबल, टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला पाण्याचा तांब्या. नावं वाचायला सुरुवात झाली. पहिली पाच-सात नावं अशी की बसलेल्यांपैकी म्हाताऱ्यांनाच ती आठवत होती. "हाव, हे तर आमच्या लग्नाच्या आधीच गेले." एका नावावर कुणीच बोलेना. मग मागून कुणीतरी म्हणालं, हा माणूस होता का गावात कधी? हशा पिकला. मला वाटलं, ही तर ती गुहेतली रांग. गावातली इतकी मेलेली माणसं इतकी वर्षं जमीन कसत होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

दादाचं नाव आलं. वाचणाऱ्यानं मान वर करून विचारलं, "मयत?"

वहिनी उठून उभी राहिली. पदर सावरून म्हणाली, "हाव. मयत. मे दोन हजार एकवीस." तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पिशवीतून दाखला काढून तिनं टेबलावर ठेवला, वारसांच्या घोषणेचा कागद ठेवला, आणि बसायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली. "नाव कवा लागंल? खरिपाच्या कर्जाले अडते. आन् पहिलं माझं लिहा, मंग पोराचं."

नोंद होईल, नोटिशीची मुदत जाईल, मग मंडळ अधिकारी मंजूर करतील, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. तिनं तारखा विचारून घेतल्या आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवलेल्या चिठ्ठीवर लिहून घेतल्या.

घरी परतताना म्हणाली, "भाऊजी, ती वेताळाची पेटी घेऊन जा आता पुण्याले. माळ्यावर मले बेण्याचे कट्टे टाकाचे हायेत. खाली उंदरं लागले."

मी म्हटलं, दिवाळीला गाडी घेऊन येईन तेव्हा नेतो.

"दिवाळीले कशाले? पेरणी काय दिवाळीत हाय?"